बोंबलाला ऊन, तिरफळाला सावली

आमचं चौक गाव धारावी बेटावर. पुढ्यात खाडी, पलीकडे वसईचा किल्ला. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजा या बेटासाठीही लढल्या, कारण इथून खाडीच्या तोंडावर नजर राहते. हा इतिहास पुस्तकांत आहे. मी सांगतोय तो चुलीपाशी राहिलेला इतिहास, एका रानफळाच्या वासाचा.

तिरफळ म्हणजे वैद्याचं त्रिफळा चूर्ण नव्हे. ते हिरडा, बेहडा आणि आवळ्याचं. तिरफळाचं झाड कोकण-गोव्याच्या रानात होतं. खोडाला जाडजूड काटे, त्यामुळे चढणाऱ्याची परीक्षाच. कोणी चिरफळ म्हणतं, गोव्याकडे तेफळ. पावसाळा सरत आला की हिरवे घोस लागतात. ओलं फळ चुरगळलं की लिंबाच्या सालीसारखा वास हाताला चिकटतो, आणि चावलं तर जिभेला मुंग्या येतात.

हा वास सालीतल्या बारीक पुटकुळ्यांत भरलेल्या तेलाचा. तेल हलकं, उष्णतेनं उडणारं. फळ सुकताना साल तडकते, काळं चकचकीत बी दिसू लागतं. ते बी काढून टाकायचं, दाताखाली कचकच येते. कामाची फक्त साल. कडक उन्हात दिवस दिवस ठेवली तर ती सुकते खरी, पण वास वाऱ्यावर जातो. मुंग्या आणणारा अंश मात्र इतक्या सहज उडत नाही. म्हणून जुनं तिरफळ चावलं तर जीभ बधिर होते, पण कालवणाला वास लागत नाही. गिऱ्हाईक फसतं ते इथंच.

आमच्या किनाऱ्यावर उलटा हिशोब. बोंबील वलांडीवर टांगला की त्याला ऊन आणि वारा दोन्ही सपाटून हवेत. पाणी लवकर गेलं नाही तर मासळी सडते. आई म्हणायची, "बोंबलाचं पाणी घालवायचं असतं रे, तिरफळाचा वास राखायचा असतो. दोघांना एक ऊन कसं चालंल?" तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण गोष्ट नेमकी तीच होती.

मिरची अमेरिकेतली. ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. त्याआधी तिखटपणा मिरीचा आणि पिंपळीचा. मिरची आल्यावर मिरीचं काम बरंच कमी झालं, पण तिरफळ टिकलं. कारण त्याचं काम तिखट करण्याचं नव्हतंच. बांगड्याच्या कालवणात ते मासळीचा हिवस वास मारतं. ते ठेचून शेवटी टाकायचं, फार उकळायचं नाही. उकळीतही तेच तेल उडतं.

आमच्या बेटावरचे ख्रिस्ती शेजारी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं. त्यांचा बाटली मसाला उन्हाळ्यात कुटला जायचा. मिरच्या कडकडीत वाळवायच्या, जिन्नस वेगवेगळे भाजायचे, मग बायका लाकडी उखळीत एका ठेक्यात कुटायच्या. पुष्कळ घरांच्या मसाल्यात तिरफळही पडतं. मसाला गडद काचेच्या बाटलीत दाबून भरायचा, म्हणजे उजेड आणि हवा लागत नाही. अमेरिकेची मिरची आणि इथल्या रानाचं फळ, दोन्ही एकाच बाटलीत.

२००२ साली आमची महानगरपालिका झाली. अंगणांच्या इमारती झाल्या, कुटणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या. रानातही फळासाठी फांदीच तोडली तर पुढच्या हंगामात घोस कुठून येणार? वाळवण्याची रीत कुठं लिहून ठेवलेली नाही. ती हातातून हातात आली, आणि हात थांबले की तीही थांबणार.

तेव्हा बाजारात तिरफळ घेताना रंग बघू नका. एक साल नखानं मोडा आणि नाकाशी न्या. वास आला तर घ्या, आणि घरी आणून घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवा.