तक्वा : इतिहासाच्या कसोटीवर



धर्मनिष्ठ माणूस कोणाला म्हणावे, असा प्रश्न केला की आपल्या डोळ्यांपुढे चटकन एक मूर्ती उभी राहते. हातात तसबीह, डोक्यावर टोपी, कपाळावर सिजद्याची खूण. ही चिन्हे आदरणीयच आहेत. परंतु इस्लामने धर्मनिष्ठेसाठी वापरलेला शब्द 'तक्वा' हा आहे आणि त्याचा अर्थ एवढ्यात मावत नाही.

ज्या अरबी धातूपासून हा शब्द आला, त्याचा अर्थ जपणे, बचाव करणे असा आहे. मराठीत आपण 'पापभीरू' म्हणतो, उर्दूत 'परहेजगार'. परहेज म्हणजे पथ्य. औषध वेळेवर घेतले की झाले. पथ्य मात्र दिवसभर सांभाळावे लागते, चारचौघांत आणि एकांतातही. सूरह अल्-बकराच्या 177 व्या आयतीत तोंड कोणत्या दिशेला केले यावर सदाचार संपत नाही, असे स्पष्ट केले आहे. श्रद्धा, नमाज व जकात यांच्याच जोडीला नातलग, अनाथ, गरजू व वाटसरू यांच्यासाठी धन खर्चणे, दिलेला शब्द पाळणे आणि संकटात धीर धरणे ही लक्षणे तेथे सांगितली आहेत.

हा अर्थ एखाद्याने सत्तेवर बसून पाळला काय? इतिहासात हजरत उमर बिन अब्दुल अझीज (रह.) यांचे उदाहरण आहे. उमय्या घराण्यातील हे राजपुत्र आईच्या बाजूने दुसरे खलीफा हजरत उमर (र.) यांचे पणतू. तरुणपणी उंची वस्त्रे व अत्तरे यांसाठी ते प्रसिद्ध होते. इ.स. 706 मध्ये मदिनेचे सुभेदार झाल्यावर त्यांनी तेथील विद्वानांचे सल्लागार मंडळ नेमले. इ.स. 717 मध्ये (हिजरी 99) त्यांच्याकडे खिलाफत आली. सिंधपासून स्पेनपर्यंत पसरलेले राज्य हाती येताच त्यांनी पहिला हिशेब मागितला तो स्वतःच्या घराचा! राजघराण्याने बळकावलेल्या मालमत्ता परत करण्यास त्यांनी आरंभ केला. पत्नी फातिमा या खलीफा अब्दुल मलिक यांच्या कन्या. चरित्रकार सांगतात की, त्यांनीही आपले दागिने बैतुल मालमध्ये जमा केले. सरकारी काम संपताच सरकारी तेलाचा दिवा विझवून स्वतःचा दिवा लावण्याची त्यांची कथा तर सर्वश्रुतच आहे.

परंतु दिव्याच्या कथेवर थांबणे म्हणजे त्यांची थोरवी कमी करणे होय. त्या काळी इस्लाम स्वीकारलेल्या लोकांकडूनही अनेक प्रांतांत जिझिया वसूल होत असे. कारण तो सोडला तर खजिना रिकामा पडेल, ही अधिकाऱ्यांची भीती. उमर (रह.) यांनी ही वसुली बंद करण्याचे हुकूम पाठविले. तिजोरी भरण्यासाठी अन्याय चालू ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

समरकंदचा प्रसंग याहून बोलका आहे. सेनापती कुतैबा बिन मुस्लिम यांनी इ.स. 712 मध्ये ते नगर घेतले. आपल्याला दगा देऊन नगर घेतले, अशी तक्रार तेथील मुस्लिमेतर रहिवाशांनी उमर (रह.) यांच्या कारकीर्दीत केली. त्यांनी ती काझीपुढे ठेवावयास लावली. मुस्लिम सैन्याने बाहेर पडावे व दोन्ही बाजूंनी बरोबरीच्या नात्याने पुन्हा निर्णय करावा, असा निवाडा काझींनी आपल्याच सैन्याविरुद्ध दिला, असे इतिहासकार बलाझुरी यांनी नोंदविले आहे. शेवटी नगरवासीयांनाच पुन्हा युद्ध नको वाटले व त्यांनी आहे ती स्थिती मान्य केली. जिंकलेल्यांची फिर्याद ऐकून घेणे, हाही तक्वाच नव्हे काय?

त्यांची कारकीर्द अडीच वर्षांहूनही कमी होती. इ.स. 720 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांनी चाळिशीही फारशी ओलांडलेली नव्हती. त्यांच्या अनेक सुधारणा पुढे टिकल्या नाहीत. यातून एक धडा मिळतो. एका सज्जनाच्या परहेजगारीने राज्य वा संस्था कायमची सुधारत नाही. ती सवय अनेकांच्या अंगी मुरावी लागते, आणि त्यासाठी शिक्षण लागते.

मात्र त्यांची एक गोष्ट टिकली. उमय्या काळात खुत्ब्यातून हजरत अली (र.) यांची निंदा केली जात असे. उमर (रह.) यांनी ती बंद केली आणि तिच्या जागी सूरह अन्-नहलची 90 वी आयत म्हणण्याचा प्रघात पाडला, असे इतिहासकार सांगतात. न्याय, परोपकार व आप्तांना साहाय्य यांची आज्ञा देणारी, निर्लज्जपणा, दुष्कृत्य व जुलूम यांपासून रोखणारी ही आयत आहे. आपल्या गावच्या मशिदीतही जुम्याच्या खुत्ब्याच्या अखेरीस आपण ती ऐकतो.

वाचकहो, तेराशे वर्षे ती आपल्या कानांवर पडत आहे. पण आपल्यापैकी कितीजण तिचा अर्थ जाणून मशिदीबाहेर पडतात? दुकानातील तराजू, बहिणीचा वारसाहक्क, ट्रस्टची वही, शिक्षकाचा तास आणि परीक्षेची उत्तरपत्रिका, या सर्व ठिकाणी तिची परीक्षा होत असते. मुलांना आयत पाठ करून देणे हे आपले कर्तव्य आहेच. तिचा अर्थ समजावणे हे त्याहून मोठे, आणि तो आपल्या वागण्यातून दाखविणे सर्वांत मोठे. अल्लाह आपणां सर्वांना तशी सद्बुद्धी देवो. आमीन.