बटणाने कोणाला ओळखायचं?

स्क्रीनवरचं 'सेव्ह' बटण दाबलं की आपली फाइल साठवली जाते. पण ज्याने बटणाचा कोड लिहिला, त्याला आपल्या फाइलबद्दल काहीच माहीत नसतं. मग बटण निरोप देतं कोणाला? विजेट-सिग्नलचा सगळा इतिहास या साध्या प्रश्नाभोवती फिरतो.

एक्स विंडोवरच्या मोटिफ या टूलकिटचं उत्तर होतं 'कॉलबॅक'. आपल्या फंक्शनचा पत्ता विजेटकडे नोंदवायचा. क्लिक झालं की विजेट ते फंक्शन चालवणार. सोबत माहितीही पाठवता यायची, पण ती जायची कुठलाच टाइप नसलेल्या पॉइंटरमधून. म्हणजे बंद पाकीट, आत काय आहे ते वर लिहिलेलंच नाही. फंक्शनने चुकीचा अंदाज बांधला तरी कंपायलर गप्प. प्रोग्रॅम मात्र चालता चालता कोसळू शकायचा.

नॉर्वेत होवार्ड नोर्ड आणि आयरिक चेंब-एंग यांनी १९९१ मध्ये क्यूटी लिहायला घेतलं. पुढच्याच वर्षी चेंब-एंग यांना 'सिग्नल आणि स्लॉट'ची कल्पना सुचली. बटण फक्त 'मला दाबलं' असा सिग्नल सोडतं. ऐकतंय कोण, एकजण की दहाजण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जोडणी तिसरीकडेच, 'कनेक्ट'ने करायची. तेव्हाच्या सी++ मध्ये याची सोय नव्हती, म्हणून 'मॉक' नावाचा वेगळा प्रोग्रॅम हेडर फाइल वाचून लागणारा जादा कोड तयार करून द्यायचा.

बर्कलीच्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांचं गिम्प आधी मोटिफवर होतं. त्याच्या जागी त्यांनी जीटीके लिहिलं. तिथेही सिग्नल आले, पण सी भाषेत. सिग्नलचं नाव अक्षरांत द्यायचं आणि फंक्शनचा टाइप कास्ट करून झाकायचा. बंद पाकीट तसंच राहिलं.

क्यूटी तरी कुठे सुटलं होतं? त्यात टाइप जुळवले जायचे, पण प्रोग्रॅम चालू झाल्यावर, मजकुराशी मजकूर ताडून. स्लॉटचं नाव चुकलं तर कन्सोलवर एक इशारा यायचा, आणि बटण नुसतंच मुकं! कोसळणारा प्रोग्रॅम निदान ओरडतो तरी. मुकं बटण ग्राहकाच्या हातात जाईपर्यंत लपून राहू शकतं.

डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या क्यूटी ५ ने 'कनेक्ट'ला थेट फंक्शनचे पॉइंटर द्यायची सोय केली. आता न जुळणारी जोडी कंपायलरच पकडतो. बटणाची ओळख तोडायला एक कल्पना पुरली. ती तोडूनही चूक वेळेत पकडायला वीस वर्षं लागली. जुनी पद्धत अजूनही चालते, त्यामुळे जुन्या कोडमध्ये मुकी बटणं आजही सापडू शकतात.