पितळी बिल्ल्यापासून बोलक्या बिल्ल्यापर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण ज्या समाजाने केली, त्याला वस्तू हरवण्याचा अनुभव भरपूर असणार. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणण्याची प्रथा आपल्याकडे अनेक घरांत आहे. हा राजा सहस्रबाहू. दोन हातांना जे सापडत नाही ते हजार हातांना सापडेल, अशी त्यामागची साधी श्रद्धा असावी. आज रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा बिल्ला किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवला किंवा बॅगेत टाकला, की ती वस्तू कुठे आहे हे मोबाइलवर दिसते. हा बिल्ला नवा आहे. पण त्यामागची गरज मात्र दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिची गोष्ट सुरू होते रेल्वेच्या फलाटावर.

बैलगाडीने किंवा घोडागाडीने प्रवास करताना माणूस आणि त्याचे गाठोडे एकत्र असे. रेल्वेने ही सोबत तोडली. प्रवासी एका डब्यात आणि त्याची ट्रंक सामानाच्या वेगळ्या डब्यात, अशी व्यवस्था आली. मग उतरल्यावर ‘ही ट्रंक माझीच’ हे सिद्ध कसे करायचे? अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकात यावर पितळी बिल्ल्यांची जोडी काढली. एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले, एक सामानाला पट्ट्याने बांधलेला, दुसरा प्रवाशाच्या खिशात. पुढे कॅनडातल्या मंक्टन गावच्या जॉन मायकेल लायन्स याने ५ जून १८८२ रोजी दोन भागांत फाडता येणाऱ्या कागदी पावतीचे पेटंट मिळवले. कुठून निघाले, कुठे जायचे आणि क्रमांक काय, एवढेच तिच्यावर असे. विमानतळावर आपल्या हाती जी चिठ्ठी येते ती या पावतीचीच वंशज.

मुंबईकरांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. १८९० पासून चालत आलेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात डब्याच्या झाकणावर मालकाचे नाव नसते, रंग, अक्षरे आणि आकडे असतात. कोणत्या स्टेशनावर उतरायचे, कोणती इमारत, कितवा मजला, हे त्या खुणांवरून कळते. डबा हातोहात फिरतो आणि प्रत्येक हाताला फक्त पुढचा टप्पा ठाऊक असला की पुरते. ट्रंकेची पावती काय आणि डब्यावरची खूण काय, वस्तू या क्षणी कुठे आहे हे त्यांपैकी एकही सांगत नाही. ती कुठे जायला हवी, एवढेच सांगते. बाकीचा भरवसा वाहून नेणाऱ्यांवर.

विमाने आली तेव्हा हा भरवसा कायद्यात लिहावा लागला. १९२९ च्या वॉर्सा करारात सामानाची पावती देणे ही विमान कंपनीची जबाबदारी ठरली. पुढे पावतीवर उभ्या रेघांचा बारकोड आला. त्याखाली दहा आकडी क्रमांक असतो. त्यातला दुसरा, तिसरा आणि चौथा आकडा विमान कंपनीचा, तर शेवटचे सहा आकडे त्या बॅगेचे. शेजारी मुक्कामाच्या विमानतळाची तीन अक्षरे. शहराचे नाव बदलून मुंबई झाले तरी बॅगेवरची अक्षरे अजून बी-ओ-एम हीच आहेत.

या पावतीच्या इतिहासात एक काळे पान आहे आणि ते आपल्याशी निगडित आहे. २२ जून १९८५ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या विमानतळावर एका माणसाने खोट्या नावाच्या तिकिटावर एक बॅग सोपवली. ती टोरांटोला एअर इंडियाच्या विमानात चढवली जावी, असा त्याने आग्रह धरला. त्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती. तरी बॅगेला पावती मिळाली. तो माणूस विमानात बसलाच नाही, बॅग मात्र पुढे गेली. दुसऱ्या दिवशी, २३ जूनला, ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशात फुटले. ३२९ माणसे गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी आलेली बॅग फुटली आणि सामान हाताळणारे दोन कामगार मृत्युमुखी पडले.

या बॅगा हरवल्या नव्हत्या. पावतीवर लिहिल्याप्रमाणेच त्यांचा प्रवास चालला होता. बॅगेचा मालक विमानात आहे का, हा प्रश्न तेवढा कोणी विचारला नाही. त्यानंतर प्रवासी आणि त्याचे सामान यांचा मेळ घालण्याचा नियम आंतरराष्ट्रीय पातळीवर आला. १९८८ मध्ये लॉकरबीवर विमान फुटून २७० जण मेले, तेव्हाही मालकाविना आलेली बॅगच कारण ठरली आणि नियमाची अंमलबजावणी कडक झाली. प्रवासी आला नाही म्हणून त्याची बॅग उतरवेपर्यंत विमान खोळंबते, तेव्हा आपण चुळबुळ करतो. त्या खोळंब्यामागे एवढा इतिहास आहे.

आता किल्लीकडे वळू. किल्लीला पावती नसते. ती हरवते घरातच, आणि तिथे विचारायला कोणी कारकून नसतो. म्हणून किल्लीने स्वत:च ओ द्यावी, ही कल्पना निघाली. १९८० च्या दशकात शिट्टी वाजवली की टिवटिव करणाऱ्या किल्लीच्या कड्या बाजारात आल्या. पण शिट्टी आणि इतर आवाज यांतला फरक त्यांना नीट कळत नसे. कोणी मोठ्याने हसले तरी त्या ओरडत.

खरे उत्तर रेडिओलहरींत होते. समोरून आलेल्या लहरी परतवून निरोप पाठवता येईल, हा विचार हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये मांडला. १९७३ मध्ये चार्ल्स वॉल्टन यांनी या तत्त्वावर किल्लीविना दार उघडण्याच्या साधनाचे पेटंट मिळवले. आपल्या गाडीच्या काचेवरचा, फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर सक्तीचा झालेला फास्टॅग याच घराण्यातला. मात्र त्याला वाचणारे यंत्र समोर असले तरच तो बोलतो. किल्ली सोफ्याखाली गेली तर तिथे टोलनाका कुठून आणायचा?

ती अडचण ब्लूटूथने सोडवली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये या तंत्रावर काम सुरू झाले. दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून त्याचे नाव पडले. २०१० मध्ये त्याचा अगदी कमी वीज खाणारा प्रकार आला आणि बटणासारख्या छोट्या बॅटरीवर वर्षभर चालणारा बिल्ला शक्य झाला. २०१३ मध्ये ‘टाइल’ या कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन असे बिल्ले काढले. २०२१ मध्ये सॅमसंग आणि ॲपल त्यात उतरल्या.

अनेकांना वाटते, ॲपलच्या बिल्ल्याचा थेट उपग्रहाशी संवाद चालतो. तसे नाही. तो फक्त आसपासच्या थोड्या अंतरावर ‘मी इथे आहे’ असे पुटपुटत राहतो. शेजारून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा मोबाइल ते ऐकतो आणि स्वत:चे ठिकाण सांकेतिक रूपात पुढे कळवतो. त्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे आपली बॅग शोधतात ती परक्यांच्या खिशातली यंत्रे. सहस्रबाहूची जुनी कल्पना इथे वेगळ्या रूपात खरी ठरते. फरक इतकाच, की हे हात हजार नसून कोट्यवधी आहेत.

२०२२ च्या उन्हाळ्यात या हातांची ताकद दिसली. महासाथीनंतर युरोपातल्या विमानतळांवर माणसे कमी आणि प्रवासी जास्त, अशी स्थिती झाली. बॅगांचे ढीग साचले. काउंटरवरच्या माणसाला बॅग कुठे आहे हे ठाऊक नसे, प्रवाशाला मात्र मोबाइलवर ती दिसत असे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लुफ्तान्सा कंपनीने असे चालू बिल्ले विमानात धोकादायक ठरू शकतात असे म्हटले आणि काही दिवसांतच माघार घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲपलने बॅगेचे ठिकाण विमान कंपनीला कळवण्याची सोय जाहीर केली. प्रवाशाला मिळालेली माहिती अशी काउंटरपर्यंत पोचू लागली. खुद्द कंपन्यांचा कारभारही सुधारला आहे. २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगा भरकटत, २०२३ मध्ये हे प्रमाण सातच्या आत आले.

पण जो बिल्ला बॅगेत लपतो, तो दुसऱ्याच्या पर्समध्ये किंवा गाडीतही लपू शकतो. ॲपलचा बिल्ला आल्यानंतर काही महिन्यांतच बायकांवर चोरून पाळत ठेवण्यासाठी त्याचा वापर झाल्याच्या तक्रारी अमेरिकेत पुढे आल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. मे २०२४ मध्ये ॲपल आणि गुगल यांनी मिळून एक सोय केली. कोणा दुसऱ्याचा बिल्ला आपल्याबरोबर फिरत असेल तर मोबाइल तसे सांगतो. असा इशारा आला तर तो पुसून टाकू नये. बिल्ला शोधावा आणि संशय असल्यास पोलिसांकडे जावे. आपल्याकडे स्त्रीचा पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

पितळी बिल्ल्याची जोडी होती. एक वस्तूकडे, एक मालकाकडे. आजच्या बिल्ल्याचीही जोडी आहे, पण त्याच्या दोन टोकांमध्ये असंख्य परकी माणसे उभी आहेत. म्हणून तो जरूर वापरावा, पण जुन्या सवयी सोडू नयेत. बॅगेच्या आत नाव आणि फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पावतीचा तुकडा मुक्कामी पोचेपर्यंत जपावा. आंतरराष्ट्रीय प्रवासात २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असे समजून भरपाई मागता येते, आणि त्या वेळी आपल्या हाती पुरावा असतो तो मोबाइलवरच्या ठिपक्यापेक्षा त्या कागदाच्या कपट्याचा.