तळटीप : धान्याच्या कोठारातले कलामहाविद्यालय

* धान्याचे कोठार : लेखकाला अभिप्रेत आहे ती लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातील ग्रॅनरी बिल्डिंग. लुइस क्यूबिट याने आखलेली ही सहामजली इमारत १८५२ची. लिंकनशायरचा गहू रेल्वेने येऊन इथे साठवला जाई आणि पुढे शहरातल्या बेकरीवाल्यांकडे जाई. समोर रीजंट कालव्याला जोडलेली गोदी होती; तिथून मालाचे पडाव बोगद्यांतून थेट इमारतीच्या पोटात शिरत. आज त्या गोदीच्या जागी कारंज्यांचा चौक आहे. २०११ साली सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कलामहाविद्यालय इथे आले. स्टँटन विल्यम्स या वास्तुरचनाकारांनी कोठाराच्या मागे, दोन लांबलचक मालशेडांच्या मध्ये, नवे स्टुडिओ उभारले आणि त्यांना जोडणारा छताखालचा रुंद रस्ता ठेवला. जुन्या विटा त्यांनी गिलाव्याखाली झाकल्या नाहीत, हे फार मोलाचे. मात्र लेखक या स्थलांतराचा नुसता गौरव करतो, तो मला एकांगी वाटतो. सोडलेल्या वास्तूंपैकी साउदॅम्प्टन रोवरची १९०८ची इमारत विल्यम लेथबी यांच्या देखरेखीखाली, खास हस्तकलांच्या शिक्षणासाठीच बांधलेली होती. – संपा.