मडकं वाजवून घेताना

वेबवर नवं सर्च इंजिन आलं की हौशी मंडळी ते मडक्यासारखं वाजवून बघत. ज्याचं उत्तर आधीच पाठ आहे, तेच त्याला विचारायचं. बहुतेक जण स्वतःचं नाव टाकत. १९९५ मध्ये या खोडीला ‘इगोसर्फिंग’ असं नावही मिळालं.

सुरुवातीला वाजवण्यासारखं फारसं नव्हतंच. १९९० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी केलेलं ‘आर्ची’ फक्त फाइलींची नावं शोधी. १९९४ च्या आरंभी स्टॅनफर्डमध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी साइटींची विषयवार यादी हाताने लावायला घेतली. तिचंच पुढे ‘याहू’ झालं. त्याच एप्रिलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून ‘वेबक्रॉलर’ आला. तो पानातला शब्दन् शब्द धुंडाळायचा.

मग १५ डिसेंबर १९९५ रोजी ‘अल्टाव्हिस्टा’ खुलं झालं. पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत ते घडवणाऱ्या ‘डिजिटल’ कंपनीला खरं तर आपल्या अल्फा संगणकांची ताकद दाखवायची होती. वेबभर हिंडून पानं गोळा करणारा भाग लुई मोनिए यांचा, त्यांची सूची लावणारा माइक बरोज यांचा. सुमारे १.६ कोटी पानं आणि झटपट उत्तर! जाणत्यांची इथे एक चिन्हभाषाच तयार झाली. जंगलातला जॅग्वार हवा असेल तर त्या शब्दाआधी अधिकचं चिन्ह, ‘कार’आधी उण्याचं, अख्खं वाक्य हवं तर ते अवतरणात.

पानं वाढली तशी अडगळही वाढली. स्टॅनफर्डचे सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनीही मग मडकं वाजवून पाहिलं. १९९८ च्या त्यांच्या निबंधात एक मासलेवाईक नोंद आहे: नोव्हेंबर १९९७ मध्ये आघाडीच्या चार व्यावसायिक इंजिनांना त्यांचंच नाव विचारलं, तर पहिल्या दहा उत्तरांत स्वतःला शोधू शकणारं एकच निघालं. त्यांच्या स्वतःच्या ‘गूगल’कडे तेव्हा जेमतेम २.४ कोटी पानं होती. पण कुठल्या पानाकडे कोण बोट दाखवतो आणि त्या बोट दाखवणाऱ्याचं वजन किती, यावरून ते क्रम लावी.

भारतात सामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. डायल-अपवर पान उघडेपर्यंत चहा निवायचा. मुंबईत राजेश जैन यांच्या ‘इंडियावर्ल्ड’ने भारतीय साइटींसाठी ‘खोज’ चालवलं. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा सगळा पसारा ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, तेव्हा भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या.

गूगलच्या नावाखाली ‘बीटा’ ही पाटी सप्टेंबर १९९९ पर्यंत होती. पुढे त्याच्यावर खेळही निघाले. २००२ मधला ‘गूगलव्हॅक’ म्हणजे शब्दकोशातले असे दोन शब्द शोधायचे की उत्तरात नेमकं एकच पान यावं. गंमत अशी की सापडलेली जोडी कौतुकाने आपल्या पानावर मांडली की थोड्याच दिवसांत गूगल तेही पान टिपणार आणि एकाची दोन उत्तरं होणार!

२८ जुलै २००८ रोजी ‘कूल’ हे नवं सर्च इंजिन अवतरलं. कर्त्यांत गूगलमधून बाहेर पडलेली माणसं होती आणि दावा १२,००० कोटींहून अधिक पानांचा. पहिल्याच दिवशी लोक तुटून पडले आणि सर्व्हरांनी मान टाकली. ज्यांना उत्तर मिळालं, त्यांनी सवयीने आपलं नाव टाकलं होतं. नाव बरोबर, पण शेजारी फोटो भलत्याच माणसाचा. उत्पादनांची सूत्रं होती अल्टाव्हिस्टावाल्या लुई मोनिए यांच्याकडे. महिन्याभरात तेही बाहेर पडले. सप्टेंबर २०१० मध्ये ‘कूल’ बंद झालं.