‘लिंबो’: अंधारांतील एका खेळाची कथा

पडदा उजळतो तेव्हां त्यावर काळ्या आणि करड्या छटांवांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं. झाडांचे बुंधे काळे, जमीन काळी, मधला अवकाश धुक्यासारखा फिकट. कांहीं वेळ कांहींच घडत नाहीं. मग गवतांत दोन पांढरे ठिपके उघडतात. ते एका लहान मुलाचे डोळे होत. मुलगा उठतो आणि खेळणाऱ्याचें बोट सांगेल त्या दिशेला चालूं लागतो. हें जंगल कोणतें, मुलगा येथें कसा आला, त्यानें जावयाचें कोठें, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर पडद्यावर उमटत नाहीं. २१ जुलै २०१० रोजीं ‘एक्सबॉक्स ३६०’ या यंत्रासाठीं प्रसिद्ध झालेल्या ‘लिंबो’ नामक डॅनिश व्हिडिओ गेमचा हा आरंभ. पुढेंहि या खेळांत कोणी बोलत नाहीं. जें दाखविलें त्यापेक्षां जें वगळलें त्याच्याच जोरावर या खेळानें आपलें स्थान मिळविलें.

‘लिंबो’ हा शब्द लॅटिन ‘लिंबस’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ कड किंवा किनार. बाप्तिस्म्यापूर्वीं जीं बालकें मरण पावतात त्यांची गति कोणती, असा प्रश्न मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांपुढें उभा राहिला. स्वतःचें पाप नसल्यामुळें त्यांना नरकयातना नाहींत, आणि संस्कार झाला नसल्यामुळें स्वर्गहि नाहीं. सबब त्यांचा वास नरकाच्या कडेवर, असें उत्तर निघालें. कॅथलिक धर्मपीठानें या कल्पनेला निश्चित सिद्धांताचें रूप कधींच दिलें नाहीं, आणि २००७ सालीं तेथील आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानें अशा बालकांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास आधार आहे असें प्रतिपादिलें. मराठी वाचकाला येथें त्रिशंकूचें स्मरण होईल. परंतु त्रिशंकूनें सदेह स्वर्गाची हांव धरली होती; या बालकांनीं कांहींच मागितलें नव्हतें. खेळाच्या जाहिरातींत कथेविषयीं एकच वाक्य होतें: बहिणीचें काय झालें हें न कळलेला एक मुलगा ‘लिंबो’मध्यें शिरतो. कथानक म्हणून खेळणाऱ्याच्या हातीं येतें तें एवढेंच.

या खेळाचा उगम कोपनहेगन शहरांतील एका चित्रकाराच्या असमाधानांत आहे. आर्न्ट येन्सन हा ‘आयओ इंटरॅक्टिव्ह’ या तेथील खेळनिर्मितिसंस्थेंत कल्पनाचित्रें काढण्याचें काम करी. संस्थेचा व्याप वाढत गेला तसतसें त्याचें मन तेथें रमेनासें झालें. २००४ च्या सुमारास त्यानें एका गूढ, निर्जन जागेचें रेखाचित्र काढलें, आणि त्या चित्रांतील भाव खेळांत उतरविण्याचा ध्यास घेतला. प्रथम तो एकटाच ‘व्हिज्युअल बेसिक’ या संगणकभाषेशीं झटापट करीत होता. हें एकट्याच्या आवांक्यांतील काम नव्हे असें उमगल्यावर त्यानें एक लहानशी चित्रफीत तयार करून इंटरनेटवर ठेवली. हेतु इतकाच कीं, एखादा जाणता प्रोग्रॅमर मिळावा. चित्रफीत मात्र अपेक्षेपेक्षां फार दूर पोंचली. याच सुमारास डिनो पॅटी त्याला येऊन मिळाला, आणि २००६ सालीं दोघांनीं ‘प्लेडेड’ ही स्वतःची संस्था स्थापिली.

आरंभीं डॅनिश सरकारच्या अनुदानाचा आधार मिळाला. पुढें खर्च वाढला तेव्हां भांडवलदार आले. भांडवलाबरोबर सल्लाहि येतो. एकाच वेळीं अनेकांना खेळतां यावें, सोप्या आणि कठीण अशा पायऱ्या ठेवाव्या, खेळाची लांबी वाढवावी, अशा सूचना होऊं लागल्या. व्यापाराच्या दृष्टीनें त्यांत गैर कांहीं नव्हतें. परंतु जोडीला दुसरा खेळाडू आला असता तर त्या मुलाचें एकाकीपण नाहींसें झालें असतें, आणि एकाकीपण हाच तर खेळाचा प्राण. या सूचना मानल्या गेल्या नाहींत. जंगलाच्या देखाव्यांत येन्सनच्या बालपणींच्या परिसराची छाया आहे, आणि वाटेंत आडवा येणारा प्रचंड कोळी त्याच्या स्वतःच्या कोळ्यांविषयींच्या भीतींतून जन्मला.

उड्या मारीत पुढें जाण्याच्या खेळांची परंपरा ‘लिंबो’च्या आधीं जवळ जवळ तीस वर्षांची होती. जपानच्या ‘निन्टेन्डो’ संस्थेनें १९८१ मध्यें ‘डाँकी काँग’ आणि १९८५ मध्यें ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हे खेळ काढले. त्या खेळांत मरण म्हणजे एक हिशेब असे. मोजके प्राण दिलेले; ते संपले कीं डाव संपला. ‘लिंबो’मध्यें मोजणी नाहीं, गुणहि नाहींत. मुलगा मरतो आणि कांहीं पावलें अलीकडे पुन्हा उभा राहतो. कर्त्यांनीं या पद्धतीला ‘प्रयोग आणि मरण’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. गवतांत दडलेला लोखंडी सापळा पहिल्या वेळीं दिसतच नाहीं. तो मिटतो, मुलाचें शरीर छिन्न होतें, आणि तेथें सापळा आहे हें ज्ञान खेळणाऱ्याला होतें. पुढें कोळी वाट अडवितो तेव्हां तसलाच सापळा त्याच्या पायांखालीं सरकवावा लागतो.

येथें या खेळाचा खरा नैतिक पेंच आहे. मागाहून तोच कोळी एका पायानिशीं, जखमी होऊन समोर येतो. मुलगा त्याचा उरलेला पाय उपटतो, धड लोटीत नेऊन खळग्यांतील सुळ्यांवर टाकतो आणि त्यावर पाय देऊन पलीकडे जातो. या कृत्याचें समर्थन कोणी करीत नाहीं, निषेधहि करीत नाहीं. हें केल्यावांचून पुढें वाट नाहीं, इतकेंच खेळणाऱ्याला कळतें. आणि हात त्याचाच असल्यामुळें दोष दुसऱ्यावर टाकण्याची सोय उरत नाहीं.

कोडीं रचण्याचें काम येपे कार्लसन याजकडे होतें. त्याला प्रथम संस्थेंत घेतलें होतें तें खेळाची यंत्रणा लिहिण्यासाठीं. पण कोडीं रचण्यांतील त्याची बुद्धि पाहून तें काम त्याजवर सोंपविण्यांत आलें. एक पेटी, एक दोर, एक कळ, एवढ्या सामग्रींत तो कोडें उभें करी. सारी सामग्री डोळ्यांसमोर असते. अडते तें खेळणाऱ्याच्या विचारापाशीं.

ध्वनीची जबाबदारी मार्टिन स्टिग अँडरसन या संगीतकारानें पत्करली. त्याचें शिक्षण ऑर्हुस येथील रॉयल संगीत अकादमींत झालेलें. भयाच्या प्रसंगीं वाद्यांचा कल्लोळ करून श्रोत्याला ‘आतां भ्या’ असें बजावण्याची रूढ रीत त्यानें टाकून दिली. वारा, पाणी, विजेची घरघर आणि पावलें यांतूनच त्यानें ध्वनिरचना केली. जुनीं तारेचीं ध्वनिमुद्रणयंत्रें मिळवून तो आवाज त्यांतून काढी, म्हणजे ते ओळखीचे असूनहि परके वाटत. नक्की काय वाटावें, हें त्यानें ऐकणाऱ्यावर सोडलें.

खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वींच, २०१० च्या स्वतंत्र खेळांच्या महोत्सवांत त्याला दृश्यकला आणि तांत्रिक कौशल्य या दोन्हींसाठीं पारितोषिकें मिळालीं. आक्षेपहि आले. चार तासांच्या आंत संपणाऱ्या खेळाला पंधरा डॉलर फार, असें कित्येकांनीं म्हटलें. लहान मुलाचें असें छिन्नविच्छिन्न मरण करमणुकींत दाखवावें काय, हा आक्षेप अधिक गंभीर होता. ज्यांना तें पाहवत नाहीं त्यांच्यासाठीं मरणाच्या क्षणीं पडदा काळा करण्याची सोय खेळांत ठेवलेली आहे. मात्र मुलाच्या मरणाचें दुःख वाटणें हें तो खेळ साधला असल्याचेंच लक्षण होय. मारिओच्या मरणानें कोणी अस्वस्थ होत नसे.

२०११ सालीं येन्सन आणि पॅटी यांनीं भांडवलदारांकडून आपली संस्था परत विकत घेतली. २०१६ च्या जूनमध्यें ‘इनसाइड’ हा त्यांचा दुसरा खेळ आला. त्यांतहि एक निःशब्द मुलगा आहे. त्याच्या ध्वनिरचनेसाठीं अँडरसननें खऱ्या मानवी कवटींतून आवाज घुमवून घेतले. त्याच वर्षीं पॅटी संस्थेंतून बाहेर पडला, आणि एका रेखाचित्रापायीं जमलेली ती जोडी फुटली.

‘लिंबो’चा शेवट त्याच्या आरंभाजवळच होतो. मुलगा काच फोडून पलीकडे फेंकला जातो आणि पुन्हा त्याच जंगलांत जागा होतो. थोडें चालल्यावर एक मुलगी पाठमोरी बसलेली दिसते. तो जवळ येतांच ती दचकून ताठ होते, आणि पडदा काळा होतो. ती त्याची बहीणच काय, दोघांतलें जिवंत कोण, यावर खेळणारे अद्यापहि वाद घालतात. पडद्यावर उत्तर नाहीं. ज्या वाटेवर त्यानें त्या मुलाला इतक्या वेळां मरूं दिलें, त्या वाटेचा अर्थ खेळणाऱ्याला स्वतःच लावावा लागतो.