कोसमाड्याचे मणिभाई, वांसद्याच्या वाड्या आणि आजचे फेलो

कामरेज तालुक्यातल्या कोसमाडा गावावरून आपल्यापैकी अनेकजण गेले असतील. 27 एप्रिल 1920 रोजी मणिभाई भीमभाई देसाई यांचा जन्म या गावी झाला. सुरतेतल्या मराठी माणसाला हे नाव माहीत असायला हवे, कारण त्यांचे जवळजवळ सगळे कार्य पुणे जिल्ह्यात झाले. आपण पोटासाठी तिकडून इकडे आलो, ते दुसऱ्यांच्या पोटासाठी इकडून तिकडे गेले.

शिकलेल्या तरुणाने काही काळ खेड्यात राहून तिथली गरिबी कमी करण्यासाठी काम करायचे, याला आज फेलोशिप म्हणतात. मणिभाईंच्या वेळी हा शब्द नव्हता, मानधन नव्हते आणि मुदतही नव्हती. 1942 च्या चळवळीतून ते गांधीजींकडे आले. मार्च 1946 मध्ये गांधीजी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला आठवडाभर राहिले, तिथे रोगी तपासले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू करून दिल्लीला गेले. मागे राहिलेल्यांत मणिभाई होते. वय सव्वीसच्या आत. आयुष्य याच गावात घालवीन असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता आणि तो पाळला. आश्रमात येणाऱ्यांचे निम्मे दुखणे अपुऱ्या खाण्याचे आहे हे ध्यानात आल्यावर त्यांचे लक्ष शेती, शाळा आणि गाई यांकडे वळले. आश्रमात त्यांनी गीर गाईंचा कळप उभा केला. 1967 मध्ये भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच ‘बायफ’ ही संस्था स्थापन झाली.

बायफचे मोठे काम गाईंच्या संकरीकरणाचे. ते मला नीट कळते, कारण त्याची दुसरी बाजू मी पाहिली आहे. 1980 नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात बँकांनी गरीब कुटुंबांना गाई-म्हशींसाठी कर्जे दिली. एका ग्रामीण शाखेत अशी कित्येक प्रकरणे माझ्या सहीने गेली. गाय घरी यायची, पहिले वेत दूध द्यायची, मग आटायची. वेळेवर रेतन करणारा जवळ नसायचा, चारा विकत घ्यावा लागायचा, गाय भाकड राहायची आणि हप्ता थकायचा. आम्ही थकबाकीदाराच्या नावाने बोटे मोडायचो. बायफने नेमकी हीच फट बुजवली. द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात गोठवलेले वीर्य घेऊन त्यांचा तरुण तंत्रज्ञ मोटारसायकलवर शेतकऱ्याच्या दारात जातो, रेतन करतो, गाय गाभण आहे की नाही हे पाहायला पुन्हा येतो आणि चाऱ्याविषयी सांगतो. गाय विकत देण्याऐवजी घरच्याच गावठी गाईच्या पोटी चांगली कालवड तयार करायची, अशी ही पद्धत. ती कालवड दुधावर यायला तीन वर्षे तरी लागतात. आमच्या कर्जाचा पहिला हप्ता त्याच्या कितीतरी आधी यायचा!

1982 मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बायफने आपल्या दक्षिण गुजरातेत, वांसदा तालुक्यात वाडीचा कार्यक्रम सुरू केला. तिथल्या कुकणा, वारली, धोडिया कुटुंबांकडे उताराची, पावसावरची थोडी जमीन. भात-नागली संपली की घराला कुलूप लावून ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा सुरतेच्या बांधकामांवर जायचे. मुलांची शाळा सुटायची ती तिथेच. वाडी म्हणजे साधारण एक एकर जमीन. त्यात आंबा, काजू, आवळा यांची कलमे, मधल्या पट्ट्यांत भाजीपाला आणि धान्य, कडेने सुबाभूळ, बांबू अशा झाडांचे कुंपण आणि माती वाहून जाऊ नये म्हणून बांध. फळ हाती यायला चार-पाच वर्षे जातात, तोवर मधल्या पिकांवर घर चालते. पहिल्या उन्हाळ्यांत बायकांनी डोक्यावरून पाणी आणून कलमे जगवली, हे विसरून चालणार नाही.

पुढे नाबार्डने जर्मन विकास बँकेच्या मदतीने वलसाड आणि डांग भागांत, नंतर महाराष्ट्रात, हाच नमुना नेला आणि देशभर आदिवासी विकास निधीतून पसरवला. वांसद्याजवळ लाछकडीला बायफची सहयोगी संस्था ‘ध्रुव’ आहे. शेतकऱ्यांचा माल ‘वृंदावन’ या नावाने लोणची, काजू, आंब्याचा रस अशा रूपांत विकला जातो. कुकणा बोली मराठी माणसाला बरीचशी समजते, त्यामुळे तिकडे गेल्यावर परके वाटत नाही.

आता आपल्या मुलांविषयी. स्टेट बँकेची ‘यूथ फॉर इंडिया’ फेलोशिप 2011 मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या भागीदार संस्थांत बायफही होती. 21 ते 32 वर्षे वयाच्या पदवीधरांनी एखाद्या संस्थेबरोबर 13 महिने गावात राहायचे, असे तिचे स्वरूप. निर्वाहापुरते मानधन मिळते. घरात असा विषय निघाला की आईवडील ‘एक वर्ष वाया जाईल’ म्हणतात. मला ते पटत नाही, पण 13 महिन्यांत गाव बदलून टाकीन असे म्हणणारा मुलगाही मला पटत नाही. आंब्याचा पहिला बहर येण्याआधी तो परत आलेला असणार. 13 महिन्यांत एक पावसाळा, एक सुगी आणि एक स्थलांतराचा हंगाम पुरता पाहून होतो. तेवढ्यात बचत गटाच्या हिशेबाची वही नीट लावता येते, रोपवाटिकेची नोंद ठेवता येते, मालाला एखादा नवा ग्राहक शोधता येतो. म्हणून अर्ज करण्याआधी मुलाने दोन गोष्टी विचाराव्यात: ज्या संस्थेबरोबर राहायचे ती त्या गावात किती वर्षे आहे, आणि आपण निघाल्यावर ते काम कोण पुढे चालवणार.

आपल्याकडे उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या घरांत खानदेशातून आलेले नातेवाईक आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या नंदुरबार-धुळ्याकडूनही येतात. गाव का सुटते हे सांगणारी माणसे आपल्याच घरात असताना, फेलोशिपला निघालेल्या मुलाने पहिल्यांदा त्यांच्याजवळ बसावे. वांसदा त्यानंतर. तेही सुरतेहून शंभरेक किलोमीटरच आहे, रविवारी जाऊन येण्यासारखे.